शनिवार, संध्याकाळचे 5 वाजून 16 मिनिटं

आज 23 नोव्हेंबर. डॉक्टर हू चा वाढदिवस! ज्यांना माहितीये त्यांना एवढंच वाक्य पुरे आहे. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, 1963 साली याच तारखेला, शनिवार होता, ब्रिटनमध्ये बीबीसीवर संध्याकाळी सव्वापाचला, काळातून फिरणाऱ्या एका परग्रहावरच्या माणसाची, एक नवीन मालिका लागणार होती आणि ती 80 सेकंद उशिरा सुरू झाली, म्हणून आम्ही फॅन लोक 5 वाजून 16 मिनिटं ही वेळ मुहूर्तासारखी जपतो. मी दरवर्षी त्याच वेळेला पहिला एपिसोड लावते. दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि पंचवीस मिनिटं कुणी काही विचारायचं नाही असा माझा नियम आहे.

यंदा मात्र शेजारी माझी भाची होती. वय वर्षं अकरा, प्रश्न अखंड चालू. "मावशी, कुठला डॉक्टर? पेशंट कुठे आहेत?" मी म्हटलं अगं हाच तर प्रश्न आहे, मालिकेचं नावच ते आहे, डॉक्टर कोण. तिला पटलं नाही, पण बसली.

पहिला सीन तुम्ही पाहिलाय का? धुकं, रात्र, एक पोलिस टॉर्च घेऊन फिरतोय, भंगाराच्या वखारीचं फाटक त्याच्या पाठीमागे हळूच आपोआप उघडतं आणि कॅमेरा आत जातो, आत अडगळीत एक पोलिस बॉक्स (तेव्हा तिकडे रस्त्यावर असायची ती पोलिसांना फोन करायची छोटी खोली) उभा आहे आणि तो गुणगुणतोय. बस. एवढंच. आणि त्यावर ते टायटलचं संगीत अजून पूर्ण विरलेलं नसतं. साठीच्या पुढे गेलेली ब्लॅक अँड व्हाइट गोष्ट आहे ही, पैसा नव्हता, स्टुडिओ जुना आणि अडचणीचा होता, तरी तो बॉक्स दिसला की माझ्या अंगावर काटा येतो, दर वेळी.

मग शाळेतले दोन शिक्षक, इयान आणि बार्बरा. त्यांच्या वर्गात सुझन नावाची मुलगी आहे, पंधरा वर्षांची, तिला काही गोष्टी शिक्षकांपेक्षा जास्त येतात आणि काही अगदी साध्या गोष्टी येत नाहीत. पैशांचा हिशोब विचारला तर ती गोंधळते आणि म्हणते की हां, तुमच्याकडे अजून दशमान पद्धत आलेली नाही. वर्ग हसतो. तेव्हा इंग्लंडमध्ये 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगचा पाउंड होता, दशमान नाणी आली 1971 मध्ये! म्हणजे ज्या मुलांनी 1963 मध्ये तो सीन बघितला ती मोठी झाली आणि एक दिवस त्यांच्या खिशात खरंच ती नाणी आली. हा योगायोग मला इतका आवडतो ना, की मी तिथे दर वेळी पॉज करून बाजूच्याला सांगते. आज भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ती मुलगी खरंच पुढच्या काळातली होती?" बघा, हिला लगेच कळलं.

दोघं शिक्षक काळजीपोटी तिच्या मागे त्या वखारीत जातात. तिथे एक म्हातारा येतो, तोच डॉक्टर, सुझनचा आजोबा, चिडका, तुसडा, यांना हाकलायला बघतो. आणि मग बार्बरा त्याला ढकलून त्या पोलिस बॉक्समध्ये घुसते, आणि बाहेरून जेमतेम माणूस मावेल असा तो खोका आत प्रचंड मोठा, पांढराशुभ्र, लखलखीत. इयान सारखं म्हणत राहतो की पण मी त्याच्याभोवती चक्कर मारली होती. विज्ञानाचा शिक्षक आहे तो, त्याचा चेहरा बघण्यासारखा आहे.

आता हे सगळं कुणी केलं ते ऐका, कारण मला या मालिकेच्या कथांइतकीच ही गोष्ट प्रिय आहे.

कल्पना सिडनी न्यूमनची, तो कॅनडाहून आलेला, बीबीसीच्या ड्रामा विभागाचा नवीन प्रमुख. त्याने प्रोड्युसर म्हणून आणली व्हेरिटी लॅम्बर्ट, वय 27, त्या विभागातली सगळ्यात तरुण प्रोड्युसर आणि तेव्हा प्रोड्युसरांमधली एकटीच बाई. आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, वय 24, जन्म लखनौचा, त्याची आई म्हणजे लेखिका अतिया हुसेन. विचार करा, 1963 चं बीबीसी, सगळीकडे मध्यमवयीन गोरे साहेब, आणि त्यात एक तरुण मुलगी आणि एक लखनौचा मुलगा मिळून लहान मुलांसाठी टाइम मशीनची मालिका करताहेत. कुणी त्यांना फारसं सिरियसली घेत नव्हतं. पहिल्यांदा जो एपिसोड शूट केला तो न्यूमनला आवडला नाही, चुका खूप होत्या, दरवाजे नीट लागत नव्हते, डॉक्टर फारच खडूस वाटत होता, पण त्याने दोघांना काढून टाकलं नाही, पुन्हा करा म्हणाला. आणि त्यांनी सगळा एपिसोड पुन्हा केला. तो पहिला प्रयत्नसुद्धा सुदैवाने शिल्लक आहे आणि दोन्ही शेजारी शेजारी बघितले की एक गोष्ट चांगलीच कळते, पहिल्या प्रयत्नात नुसती विचित्र माणसं आहेत, दुसऱ्यात गूढ माणसं आहेत. संवाद थोडेसेच बदललेत, पण विल्यम हार्टनेलने त्या म्हाताऱ्याच्या तुसडेपणात एक खट्याळ हसू आणलं आणि सगळं जागेवर बसलं.

आणि ती तारीख! आदल्या दिवशी, 22 नोव्हेंबरला, अमेरिकेत केनेडींची हत्या झाली. सगळं जग त्या बातमीत होतं. त्यात काही भागांत वीज गेली होती. एवढ्या मेहनतीने केलेला एपिसोड अशा दिवशी लागला. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या एपिसोडच्या आधी पहिला पुन्हा दाखवला गेला. मला नेहमी वाटतं की त्या शनिवारी ज्या घरांमध्ये मुलांनी टीव्ही लावला असेल तिथे मोठी माणसं गप्प असणार, आणि त्या शांततेत तो आवाज आला असणार.

तो आवाज म्हणजे टायटल म्युझिक. यावर मी स्वतंत्र पोस्ट लिहू शकते पण इथेच लिहिते. चाल रॉन ग्रेनरची. पण त्याने कागदावर लिहिलेल्या त्या ओळींचं जे काही झालं ते केलं डेलिया डर्बीशायरने. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेली ही बाई बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे कार्यक्रमांसाठी आवाज बनवणाऱ्या विभागात, काम करायची. तेव्हा बाजारात सिंथेसायझर नव्हते. तिने काय केलं, तर एक तार छेडून रेकॉर्ड केली, टेस्टिंगच्या ऑसिलेटरचे आवाज घेतले, व्हाइट नॉइज घेतला, टेपचा वेग कमी जास्त करून एकेक सूर बनवला, मग तो एकेक सूर ब्लेडने कापून, लांबी मोजून, चिकटवून चिकटवून अख्खी चाल जोडली. प्रत्येक सूर हाताने! गोधडी शिवतात तसं. ग्रेनरने ते ऐकलं तेव्हा त्याला स्वतःचीच चाल ओळखू येईना असं सांगतात, आणि तिला श्रेयात वाटा मिळावा असं त्याला मनापासून वाटत होतं. पण वर्कशॉपमधल्या लोकांची नावं द्यायची नाहीत असा तिथला नियम. डेलिया 2001 मध्ये गेली. पडद्यावर त्या संगीतासाठी तिचं नाव आलं ते 2013 मध्ये, पन्नासाव्या वाढदिवसाच्या एपिसोडला. ती पाटी आली तेव्हा मी रडले. खूप उशीर झाला होता, पण आलं नाव.

टार्डिसचा, म्हणजे त्या पोलिस बॉक्सच्या रूपातल्या टाइम मशीनचा, तो घरघरणारा आवाज, वूर्रप वूर्रप असा, तो ब्रायन हॉजसनने केला, जुन्या पियानोच्या जाड तारांवर आईच्या घराची किल्ली घासून. मी हे भाचीला सांगितल्यावर तिने लगेच रिवाइंड करायला लावलं आणि तीनदा ऐकलं. मग म्हणाली, "हो गं, किल्लीच आहे." आता तिला दुसरं काही ऐकूच येणार नाही, मलाही येत नाही, आणि त्यामुळे तो आवाज मला जास्तच आवडतो. घरी परत आल्यावर दारात किल्लीचा आवाज येतो ना, तसं काहीतरी त्यात आहे.

डॅलेक, म्हणजे डॉक्टरचे सगळ्यात प्रसिद्ध शत्रू, यांच्याबद्दल मी थोडक्यात लिहिते कारण त्यांच्याबद्दल सगळे लिहितात. न्यूमनने बजावलं होतं की बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत, टेरी नेशनने नेमके तेच लिहून आणले, व्हेरिटी त्यांच्यासाठी भांडली, रेमंड क्यूसिकने त्यांना ते रूप दिलं, पाय नाहीत, चेहरा नाही, सरपटत येणारी धातूची कुपी, आणि 1963 च्या डिसेंबरात ते आले आणि मालिका तरली. पहिल्या एपिसोडला 44 लाख लोक होते, काही आठवड्यांत आकडा एक कोटीच्या वर गेला. नंतर न्यूमनने स्वतः कबूल केलं की व्हेरिटीच बरोबर होती.

आता जी गोष्ट सांगायला मी मुळात ही पोस्ट लिहायला घेतली तिच्याकडे येते.

ही मालिका पुसली गेली होती. अक्षरशः. तेव्हा व्हिडिओ टेप महाग होत्या, त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग करता यायचं, जुने एपिसोड पुन्हा दाखवायला कलाकारांच्या युनियनच्या अटी होत्या, घरी बघायचा व्हिडिओ हा प्रकारच नव्हता, आणि रंगीत टीव्ही आल्यावर ब्लॅक अँड व्हाइट कोण बघणार असं वाटलं. मग टेप पुसल्या. परदेशी विकायला काढलेल्या फिल्मच्या कॉप्या होत्या, त्याही सत्तरच्या दशकात टाकून दिल्या. पहिल्या सहा सीझनमधले, म्हणजे हार्टनेल आणि त्याच्यानंतरचा दुसरा डॉक्टर पॅट्रिक ट्राउटन यांच्या काळातले नव्वदहून जास्त एपिसोड असे गेले. मला यात खलनायक दिसत नाही, कपाटात जागा नसलेली आणि बजेट नसलेली माणसं दिसतात, पण दुःख व्हायचं ते होतंच. वारिस हुसेनने केलेली दुसरी कथा, मार्को पोलोची, सात एपिसोडची, ती सगळी गेली. ज्या मुलाने ही मालिका उभी केली त्याचं पुढचं काम आपण बघूच शकत नाही.

पण ऐकू शकतो!

कारण तेव्हा काही पोरं होती, शाळकरी, ज्यांच्याकडे टेप रेकॉर्डर होता. त्यांना काही कल्पना नव्हती की कुणी हे पुसणार आहे. त्यांना फक्त पुन्हा ऐकायचं होतं, पुढचा शनिवार येईपर्यंत. कुणी टीव्हीसमोर माइक धरून बसायचं, कुणी वायर थेट टीव्हीच्या आत जोडायचं. आणि त्या वेगवेगळ्या घरांतल्या रेकॉर्डिंगमुळे आज हरवलेल्या प्रत्येक एपिसोडचा आवाज आपल्याकडे आहे. प्रत्येक! एकही सुटलेला नाही. बीबीसीने नंतर तेच आवाज साफसूफ करून सीडीवर काढले, आणि त्यावरच ॲनिमेशन करून काही कथा पुन्हा उभ्या केल्या. ट्राउटनची पहिली कथा, जिचे सहाही एपिसोड गेलेत, ती 2016 मध्ये बरोबर 50 वर्षांनी, 5 नोव्हेंबरला, ॲनिमेशनमध्ये परत आली.

शिवाय जॉन क्यूरा नावाचा एक फोटोग्राफर होता, त्याचा धंदाच हा की टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढायचे आणि ते कलाकारांना, दिग्दर्शकांना विकायचे, कारण त्यांना स्वतःचं काम दाखवायला दुसरं काहीच नसायचं. ते छोटे छोटे फोटो आणि पोरांचे आवाज एकत्र लावून फॅन लोकांनी अख्खे एपिसोड पुन्हा जुळवलेत.

आणि सापडण्याच्या गोष्टी तर विचारूच नका. 1983 मध्ये लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात दोन एपिसोड मिळाले. सायबरमेनची, म्हणजे अर्ध्या यंत्र झालेल्या माणसांची, एक अख्खी कथा, चारही एपिसोड, हाँगकाँगहून परत आली. 2013 मध्ये नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्रातून 9 एपिसोड मिळाले, बीबीसीने ते गुपचूप ठेवून एकदम जाहीर केलं आणि त्या रात्री मी झोपलेच नाही, ट्राउटनला त्या भुयारी रेल्वेच्या अंधारात पळताना बघत बसले, ज्या कथेबद्दल वर्षानुवर्षं फक्त वाचलेलं होतं. सगळ्यात मला भिडलेली गोष्ट ऑस्ट्रेलियाची आहे. तिथल्या सेन्सॉरने मुलांसाठी फार भीतीदायक म्हणून काही तुकडे कापले होते. एपिसोड नंतर नष्ट झाले, पण कापलेले तुकडे सरकारी दप्तरात नीट नोंद करून ठेवलेले राहिले, आणि 1996 मध्ये ते फॅन लोकांनी शोधून काढले. म्हणजे काही कथांमधलं जे सगळ्यात भयानक होतं तेवढंच आज हलतं बोलतं शिल्लक आहे. सेन्सॉरच्या कात्रीने वाचवलेले सीन!

हे सगळं भाचीला सांगत होते तर ती म्हणाली, "मग आपण पण शोधू ना." मी म्हटलं शोधू.

रिजनरेशनबद्दल बोलायलाच हवं. 1966 मध्ये हार्टनेलची तब्येत ढासळली, संवाद लक्षात राहीनात, काम झेपेना. तो म्हणजेच मालिका, मग मालिका बंद करायची का? तेव्हाच्या टीमने ठरवलं की हा परग्रहावरचा माणूस आहे, हा मरायला आला की नव्या शरीरात जिवंत होईल. आज आपल्याला हे इतकं सवयीचं झालंय की त्यातला धीटपणा कळत नाही. 29 ऑक्टोबर 1966, हार्टनेल जमिनीवर पडतो, चेहरा उजळत जातो आणि तिथे ट्राउटन असतो. वेगळा चेहरा, वेगळी उंची, वेगळा स्वभाव, आणि प्रेक्षकांना सांगायचं की हा तोच आहे. तो एपिसोडही हरवलाय बरं का, पण नेमका तो बदलाचा तुकडा शिल्लक आहे कारण 1973 मध्ये बीबीसीच्याच मुलांच्या एका कार्यक्रमात तो दाखवला गेला होता. 'रिजनरेशन' हा शब्द तर त्याच्याही नंतर, 1974 मध्ये आला.

प्रत्येक फॅनचा आपला एक डॉक्टर असतो. माझा डेव्हिड टेनंट. मी 2005 नंतरच्या नवीन मालिकेतून आत आले, आणि तिथून मागे मागे जात राहिले. टेनंट मालिका सोडून गेला तेव्हा मी कितीतरी महिने पुढचा एपिसोड लावला नाही, कारण तो लावला असता तर तो खरंच गेला असता. मग एका रात्री लावला. मॅट स्मिथ, टेनंटनंतरचा डॉक्टर, उभा आणि आधीचे सगळे चेहरे एकामागोमाग एक येतात आणि शेवटी तो त्यांच्यातून चालत पुढे येतो. हार्टनेलपासून टेनंटपर्यंत सगळे. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे सगळे कोण आहेत ते मला माहिती हवेत, आणि मी 1963 पासून सुरुवात केली. त्याच काळात घरातलं एक माझं फार जवळचं माणूस गेलं होतं आणि चेहरा जातो पण माणूस राहतो अशी काहीतरी गोष्ट मला रोज रात्री ऐकायची गरज होती. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहीत नाही.

मागे जाताना एक सीन मिळाला ज्याने मला कायमचं बांधून ठेवलं. 1964 चा डिसेंबर, डॅलेकचा पराभव झालाय, लंडन पडझड झालेलं, आणि डॉक्टरला कळतं की नात सुझन इथे एका माणसाच्या प्रेमात पडलीये पण आजोबांना एकटं सोडून ती कधीच राहणार नाही. म्हणून तो स्वतःच दार लावून घेतो. ती बाहेर, तो आत. आणि तिला सांगतो की एक दिवस मी परत येईन. हार्टनेल तिथे जे बोलतो ते मी इथे मराठीत करत नाही, तुम्ही त्याच्या आवाजात ऐका. त्यानंतर डॉक्टर किती जगं फिरला, किती चेहरे बदलले, सुझनकडे परत गेलेला मात्र त्याला आपण नीट कधी पाहिलंच नाही. 2025 मध्ये कॅरोल ॲन फोर्ड काही क्षणांसाठी पडद्यावर परत दिसली, सुझन म्हणूनच, आणि मी एकटी खोलीत जोरात "सुझन!" ओरडले.

तसंच इयानचं. विल्यम रसेल. पहिल्या एपिसोडमधला तो विज्ञानाचा शिक्षक 1965 मध्ये मालिका सोडून गेला आणि 2022 च्या ऑक्टोबरमध्ये एका सीनपुरता परत आला, त्याच भूमिकेत, 57 वर्षांनी, गिनीजमध्ये नोंद आहे त्याची. वय 97. जोडी व्हिटेकरची डॉक्टर बाई आहे हे कळल्यावर तो जो चेहरा करतो ना! दोन वर्षांनी, 2024 मध्ये, तो गेला. आज पहिला एपिसोड बघताना तो तरुण, टाय लावलेला, गाडीत बसलेला दिसला आणि मला ते सगळं एकदम आठवलं.

मधली वर्षं झरझर सांगते. तिसरा डॉक्टर जॉन पर्टवी, त्याच्यासोबत 1970 मध्ये रंग आला. टॉम बेकर सात वर्षं, तो लांबलचक स्कार्फ, जो विणणाऱ्या बाईंनी दिलेली सगळी लोकर संपेपर्यंत विणला म्हणून तेवढा लांब झाला. तो काळ सोन्यासारखा आहे पण त्यातही एक कथा आहे जिच्यात गोऱ्या नटाला मेकअप करून चिनी केलंय, संवाद अप्रतिम आणि तरी मला ती बघवत नाही, आणि भाचीला दाखवेन तेव्हा आधी बसवून बोलेन. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मालिका खरंच भरकटली. मग सिल्वेस्टर मॅकॉयच्या शेवटच्या दोन सीझनमध्ये ती पुन्हा छान व्हायला लागली होती आणि नेमकी तेव्हाच, 6 डिसेंबर 1989 ला, 26 व्या सीझननंतर थांबली.

सोळा वर्षं. मध्ये 1996 ची पॉल मॅकगॅनची एक टीव्ही फिल्म सोडली तर काही नाही. त्या सोळा वर्षांत फॅन लोकांनी कादंबऱ्या लिहिल्या, ऑडिओ नाटकं केली, जुने आवाज साफ केले. ज्यांनी लहानपणी हे बघितलं होतं ती मुलं मोठी होऊन लेखक झाली, नट झाली. रसेल टी डेव्हिस त्यातलाच, त्याने 26 मार्च 2005 ला मालिका परत आणली. टेनंट लहानपणी हे बघूनच नट व्हायचं म्हणत होता. पीटर कपाल्डीने तर शाळेत असताना मासिकाला फॅनलेटर लिहिलं होतं, ते छापूनही आलं होतं, आणि 2013 मध्ये तो स्वतः डॉक्टर झाला. म्हणजे टेप रेकॉर्डर धरून बसणारी पोरं आणि ही पोरं एकाच जातीची, असं मला वाटतं. पुसणाऱ्यांनी पुसलं, थांबवणाऱ्यांनी थांबवलं, आणि ज्यांना त्या पोलिस बॉक्सची ओढ होती त्यांनी तो दोन्ही वेळा परत आणला.

ज्या पोलिस बॉक्सवर हे सगळं सुरू झालं ते खरे बॉक्स लंडनच्या रस्त्यांवरून केव्हाच गेले. मेट्रोपॉलिटन पोलिसांनी त्या आकाराच्या ट्रेडमार्कवर हक्क सांगून पाहिला होता, 2002 मध्ये निकाल बीबीसीच्या बाजूने लागला.

नवीन मालिकेतलं मी आज भाचीला एकच दाखवणार आहे, 2018 चा पंजाबचा एपिसोड, विनय पटेलने लिहिलेला. 1947 चा ऑगस्ट, फाळणीची रेघ एका शेतातून जाणार, आणि नवरा हिंदू, बायको मुसलमान, लग्न सीमेवर. त्यात परग्रहावरचे लोक येतात, आपल्याला वाटतं हेच मारणारे, आणि नाही, ते फक्त एकट्याने मरणाऱ्यांच्या शेजारी उभं राहायला आलेले असतात. मारणारा घरातलाच. डॉक्टरला काहीच बदलता येत नाही, पाठ फिरवून चालत जावं लागतं, आणि गोळीचा आवाज. शेवटची नावं येतात तेव्हा तेच टायटल म्युझिक, पण गळ्यातून, आपल्याकडच्या आलापीसारखं. डेलियाने ब्लेडने कापून जोडलेली चाल फिरत फिरत तिथे पोचली होती.

व्हेरिटी लॅम्बर्ट 2007 मध्ये गेली, 22 नोव्हेंबरला, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. त्याच वर्षी एका एपिसोडमध्ये डॉक्टर माणूस बनून सगळं विसरलेला असतो आणि त्याला आईवडिलांची नावं विचारतात, तो म्हणतो सिडनी आणि व्हेरिटी. ती जाण्याआधी काही महिने ते प्रसारित झालं. तिने ते ऐकलं असेल असं मी धरून चालते.

पहिला एपिसोड संपतो कसा, तर टार्डिस उडते, लंडन मागे पडतं, आणि तो पोलिस बॉक्स एका ओसाड माळरानावर तिरका उभा असतो. वारा. आणि अचानक समोरच्या जमिनीवर एका माणसाची लांब सावली पडते.

"कोणाची सावली आहे?" भाची.

मी टीव्ही बंद केला. "पुढच्या शनिवारी."

"मावशी!! पुढचा आहे ना तुझ्याकडे, लाव ना."

"तेव्हाच्या मुलांना पण थांबावं लागलं होतं."

रुसली. उठून आत गेली. मी हे लिहायला बसले, आणि आत्ता आतून पियानोच्या त्या जुन्या कीबोर्डच्या कडेवर काहीतरी घासल्याचा आवाज येतोय, कर्र, कर्र, थांबून पुन्हा कर्र. दाराची किल्ली जागेवर नाहीये.